झाडांचं बारसं करणारे फादर

बहारीनला येऊन आम्हाला पंचवीस वर्षं होऊन गेली. इथल्या वाळवंटात काही उगवत नाही असं मी पहिली चार-पाच वर्षं गावाकडे फोनवर अगदी ठासून सांगायची. मग एका हिवाळ्यात दोन-तीन दिवस पाऊस लागून पडला. पुढच्या शुक्रवारी आम्ही चार कुटुंबं साखीरकडे तंबूंच्या बाजूला डबे घेऊन फिरायला गेलो. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती वाळूतून एक फांदी तोडून घेऊन आली. बोटाच्या पेरासारखी जाड, पाण्याने भरलेली हिरवी पानं आणि बारीकशी पांढरी फुलं. तिने मला तिचं नाव विचारलं आणि मी तिला सांगितलं की हे असंच काहीतरी रानटी आहे, टाकून दे.

आता गंमत अशी की मी मुंबईत वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई! लग्नानंतर ते सगळं माळ्यावर गेलं, ही गोष्ट वेगळी. मुलीने फांदी टाकली नाही. परत येताना गाडीत ती तिने मांडीवर ठेवली होती. मला कसंतरीच वाटलं. घरी आल्यावर मी ती फांदी कॉलेजातल्यासारखी वर्तमानपत्रात ठेवून जाड टेलिफोन डिरेक्टरीत दाबली, वर पोळपाट आणि तांदळाचा डबा ठेवला. महिन्याभराने उघडून पाहिलं तर पानं सुटून गळालेली, काळी पडलेली, आणि फुलं तर शोधूनही सापडेनात. तरी मी तो कागद जपून ठेवला.

पुढे काही वर्षांनी सुट्टीत मुंबईला गेले असताना हा कागद मी सोबत नेला आणि परवानगी काढून सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये गेले. तिथे काम करणाऱ्या एका मुलीने माझा कागद उघडला, भिंगातून पाहिला आणि फार अदबीने तीन प्रश्न विचारले. कुठे गोळा केलं, कोणत्या तारखेला, आणि जिवंत असताना फुलाचा रंग काय होता. कागदावर मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. साल कोणतं हेसुद्धा मला धड आठवेना. तिने कागद मिटून परत दिला. ती काही बोलली नाही, पण मला कळलं. ज्याच्यावर स्थळ नाही, तारीख नाही, तो नमुना नसतो, तो पाचोळा असतो.

तिथे उभं राहून कपाटांच्या रांगा बघताना मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की ज्यांचं नाव या दारावर आहे ते ब्लॅटर होते तरी कोण? कॉलेजात असताना हे नाव रोज कानावर पडायचं, पण माणूस कधी समोर आला नव्हता. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले. आणि वाचता वाचता कळलं की हा माणूस आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांच्या फार जवळचा आहे. म्हणून यंदाच्या अंकात त्यांच्याविषयी.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ चा. गाव रेबश्टाइन, पूर्व स्वित्झर्लंडमध्ये, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात. तरुणपणीच ते जेझुइट पंथात, म्हणजे येशूसंघात गेले. आपल्याला वाटेल, त्यात काय विशेष? विशेष हे की त्या काळी स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेनेच जेझुइटांना देशात शाळेत शिकवायला किंवा चर्चचं काम करायला बंदी घातली होती. ही बंदी उठली थेट १९७३ साली. म्हणजे या मुलाने जो मार्ग धरला, त्या मार्गाला त्याच्या स्वतःच्या देशात दार बंद होतं. शेजारच्या जर्मनीनेही १८७२ च्या कायद्याने जेझुइटांना बाहेर काढलं होतं. त्यामुळे जर्मन भाषा बोलणारे हे तरुण शिकायचे परदेशात आणि त्यातले पुष्कळ जण कामाला जायचे सातासमुद्रापार. त्यांच्या वाटेवरचं एक मोठं ठाणं म्हणजे मुंबई. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू केलं ते जर्मन जेझुइटांनीच.

१९०३ साली ब्लॅटर मुंबईला आले. वय पंचवीस. समुद्र, दमट हवा, जूनचा पाऊस, सगळं नवीन. डोंगराळ मुलखातल्या या माणसाचं लक्ष सगळ्यात आधी कशाकडे गेलं असेल? तर आपल्या खाडीतल्या चिखलाकडे! तिवरांवर, म्हणजे मॅन्ग्रोव्हवर, त्यांनी अभ्यास केला आणि १९०५ साली मुंबई इलाख्यातल्या तिवरांवर त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. येऊन दोनच वर्षं झाली होती. आपण मुंबईकर खाडी आली की लोकलची खिडकी लावून घेत होतो, आणि हा परका माणूस गुडघाभर चिखलात उतरून तिवराची मुळं वर तोंड करून श्वास कसा घेतात ते बघत होता.

१९०६ साली कॉलेजात वनस्पतींचा संग्रह उभा राहू लागला. हर्बेरियम म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रानात जाऊन झाड, म्हणजे छोटं असेल तर मुळासकट आणि मोठं असेल तर फुलाफळासकट फांदी आणायची. ती कागदांच्या घडीत पसरून दोन फळ्यांमध्ये आवळायची. कागद ओले झाले की बदलायचे. आपल्या पावसाळ्यात तर हे रोज करावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. वाळल्यावर जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्याने किंवा चिकटवून बसवायचं आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, आणि वाळल्यावर जे उडून जातं ते सगळं, म्हणजे फुलाचा रंग, वास, झाडाची उंची. मग कपाटात कुलाप्रमाणे लावून ठेवायचं. किडीपासून जपलं तर असा कागद दोनशे वर्षंही टिकतो. शंभर वर्षांनी कुणी त्यातलं सुकं फूल गरम पाण्यात टाकलं तर ते पुन्हा उमलल्यासारखं मऊ होतं आणि भिंगाखाली त्याचे पुंकेसर मोजता येतात.

आणि नाव? नाव देणं म्हणजे नुसतं सुचेल ते लॅटिनमध्ये लिहिणं नव्हे. आपल्याकडे आडनाव आणि नाव असतं तसं वनस्पतीला आधी प्रजातीचं नाव, मग जातीचं. आजचा नियम असा की नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन प्रसिद्ध करावं लागतं आणि एका ठरावीक नमुन्याकडे बोट दाखवावं लागतं, की हे नाव या कागदाला बांधलेलं आहे. त्याला टाइप म्हणतात. हर्बेरियममध्ये हे टाइप बहुधा लाल घडीत वेगळे ठेवलेले असतात. १९३५ पासून २०११ पर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच देण्याची सक्ती होती. बाकीच्यांना लॅटिनचा घाम फुटायचा, फादर मंडळींना ती रोजच्या प्रार्थनेची भाषा! शिवाय एकाच वनस्पतीला दोघांनी दोन नावं दिली असतील तर आधी छापलेलं नाव खरं. म्हणजे नवं नाव देण्याआधी जगात आजवर कुणी दिलंय का हे धुंडाळायचं. म्हणून बारसं करणाऱ्याला दहा जुनी पुस्तकं आणि हजारो सुके कागद चाळावे लागतात.

याच कामासाठी ब्लॅटरांचं आणि अरबस्तानचं नातं जुळलं. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. आखातातले व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या हाती होते, बहारीनच्या बाजारात १९६५ पर्यंत रुपयाच चालायचा, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. तेव्हा मुंबईच्या माणसाने एडनच्या वनस्पतींवर लिहावं हे साहजिक होतं. त्यांचं एडनच्या वनस्पतींवरचं काम १९१४ ते १९१६ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेत निघालं. त्यापाठोपाठ त्यांनी त्याहून मोठं काम हातात घेतलं: सगळ्या अरबस्तानच्या वनस्पतींची सूची, ‘फ्लोरा अरेबिका’. तिचा पहिला भाग १९१९ साली आला आणि शेवटचा १९३६ साली.

विचार करा, अरबस्तानात तेव्हा ना रस्ते ना मोटारी. कुणी फौजेतला डॉक्टर, कुणी वकिलातीतला साहेब, कुणी उंटावरून फिरणारा प्रवासी, अशांनी वर्षानुवर्षं चार-चार मूठ वनस्पती गोळा करून युरोपातल्या संग्रहालयांत पाठवलेल्या. ही सगळी सुकी पानं आणि जुनी टिपणं एकत्र आणून ब्लॅटरांनी अख्ख्या द्वीपकल्पाची यादी बांधली. म्हणजे हा ग्रंथ मुख्यतः कागदांवरून लिहिला, चालून नव्हे. ही त्याची ताकद, आणि पुढे सांगणार आहे ती उणीवही.

या यादीच्या मुळाशी आणखी एक परदेशी आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पीटर फोर्स्कोल हा लिनिअसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता आणि १७६३ साली येमेनमधल्या यारीम गावी तापाने गेला, वय अवघं एकतीस. त्याचे सोबतीही एकेक करून गेले. एकटा कार्स्टन नीबूर वाचला आणि जहाजाने कुठे आला? तर मुंबईला! १७६३-६४ मध्ये तो मुंबईत होता. मायदेशी पोचल्यावर त्याने १७७५ साली आपल्या मेलेल्या मित्राचं हस्तलिखित छापून काढलं. इजिप्त आणि अरबस्तानच्या वनस्पतींवरचं ते पहिलं मोठं पुस्तक. आपल्या तुबली खाडीत रास सनदला जी तिवरं उभी आहेत ना, त्यांचं शास्त्रीय नाव अव्हिसेनिया मरिना. त्या नावामागे आजही कंसात फोर्स्कोलचं नाव लिहितात, कारण त्यातलं ‘मरिना’ त्याने दिलेलं. प्रजाती पुढे बदलली, ती बदलणाऱ्या व्हिएरहापरचं नाव कंसाबाहेर येतं. एका ओळीत शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास! आणि हेच झाड ठाण्याच्या खाडीतही आहे. भराव टाकून टाकून दोन्हीकडच्या खाड्या आकसल्या, हेही दुर्दैवाने सारखंच.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध आलं. मुंबईतले जर्मन जेझुइट एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येक जण स्थानबद्ध झाले, बरेचसे मायदेशी पाठवले गेले. ज्यांनी कॉलेज उभं केलं त्यांनाच ते सोडावं लागलं. ब्लॅटर स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे, म्हणून टिकले. पासपोर्टच्या रंगावर माणसाचं राहणं-जाणं ठरतं हे आखातातल्या आपल्याला कुणी वेगळं समजवायला नको. ज्या देशात त्यांना शिकवायला बंदी होती, त्याच देशाच्या नागरिकत्वाने त्यांना मुंबईत शिकवत ठेवलं! १९१९ साली ते सेंट झेवियर्सचे प्राचार्य झाले.

या गडबडीतही रानातली भटकंती थांबली नाही. हॉलबर्ग यांच्याबरोबर ते जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात गेले. त्यावरची लेखमाला १९१८ ते १९२१ मध्ये निघाली. सबनीस आणि मॅकॅन यांच्याबरोबर सिंधू नदीच्या मुखाकडच्या वनस्पतींवर लिहिलं. डी’आल्मेडा यांच्याबरोबर मुंबई भागातल्या नेच्यांवर १९२२ साली पुस्तक काढलं. एकट्याच्या नावावर सगळं घ्यावं असा त्यांचा स्वभाव दिसत नाही. जवळजवळ प्रत्येक कामात कुणीतरी सोबती आहे, आणि त्याचं नाव बरोबरीने छापलेलं आहे.

जैसलमेरचा उल्लेख आला म्हणून एक सांगते. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, ती शमी म्हणजेच राजस्थानची खेजडी आणि तीच इथल्या अरबांची घाफ. तीन मुलखांत तीन नावं, तिघांचाही जिव्हाळा तितकाच. आता एखाद्या जोधपूरच्या माणसाने, एका मराठी माणसाने आणि एका बहारीनीने एकत्र बसून झाडाविषयी बोलायचं ठरवलं तर? त्यासाठी प्रोसोपिस सिनेरारिया हे नाव. जुन्या पुस्तकांत तेच झाड प्रोसोपिस स्पायसिजेरा या नावाने सापडतं. बहारीनचा जो प्रसिद्ध जीवनवृक्ष आपण पाहुण्यांना हमखास दाखवायला नेतो, तोही याच प्रोसोपिसच्या गोतातला. मला पूर्वी वाटायचं, ही लॅटिन नावं म्हणजे पाठांतराची शिक्षा. आता वाटतं, ही नावं म्हणजे परक्यांना एका पंक्तीत बसवायची सोय.

१९२५ च्या सुमारास ब्लॅटर पाचगणीला गेले, तिथल्या चर्चचे धर्मगुरू म्हणून. प्राचार्यपद गेलं, मुंबईचा गजबजाट गेला. पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर काळ इथे सुरू झाला. अरबस्तानची यादी त्यांनी वाळलेल्या कागदांवरून केली होती. पाचगणीत दाराबाहेर पाऊल टाकलं की टेबललँड! मे महिन्यात तो काळा कातळ आणि लाल माती बघून कुणी म्हणेल, इथे काय उगवणार? अगदी मी बहारीनविषयी म्हणायची तसंच. आणि पहिला पाऊस पडला की त्याच सड्यावर कंद जागे होतात. आठवड्याआठवड्याला फुलं बदलतात. उशिरा गेलात तर वर्षभर थांबा.

इथे ब्लॅटर झाड जिवंत बघत होते, तेही पुन्हापुन्हा. चार्ल्स मॅकॅन हा त्यांचा तरुण सोबती. सह्याद्रीच्या कुशीत, कॅसलरॉकला जन्मलेला. दोघांनी मिळून थिओडर कुक यांच्या ‘मुंबई इलाख्याच्या वनस्पती’ या मोठ्या ग्रंथाची फेरतपासणी सुरू केली. कुकसाहेब पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला. त्यात नमुने आणणाऱ्यांची नावं छापलेली आहेत, कानिटकर, रानडे, आणि एक नुसताच भिवा. आडनाव नाही, गाव नाही. पण त्याच्या नावापुढे बारीकसं उद्गारचिन्ह असतं. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ, हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. त्या भिवाने कुठल्या डोंगरात किती पायपीट केली असेल कुणास ठाऊक, पण त्याने आणलेलं पान साहेबाने पाहिलं, एवढी साक्ष त्या उद्गारचिन्हात राहिली.

ब्लॅटर आणि मॅकॅन यांची ही फेरतपासणी १९२६ पासून १९३५ पर्यंत क्रमाक्रमाने छापली गेली. याच काळात सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पतींची बारशी झाली. पाचगणीच्या नावाने युफोर्बिया पाचगणीएन्सिस, जमिनीलगत वाढणारी छोटीशी चिकाची वनस्पती. तिची खंडाळ्याच्या नावाची बहीण युफोर्बिया खंडाळेन्सिस, तिचं बारसं आधीच हॉलबर्गांबरोबर झालेलं. ताऱ्यासारख्या फुलाची इफिजेनिया स्टेलाटा. पांढऱ्या फुलांचं क्रायनम एलिओनोरी. डिपकॅडी उर्सुली. आज कास पठारावर लोक फुलं बघायला गर्दी करतात, तेव्हा त्या परिसरातल्या काही फुलांच्या नावांमागे ‘ब्लॅट.’ ही अक्षरं लिहिलेली असतात. पाचगणी हे आपल्या साताऱ्याचं गाव, पण जगातल्या कुठल्याही हर्बेरियममध्ये ते नाव पोचलं एका स्विस माणसामुळे. परमुलखात राहून तिथल्या मातीचं नाव मोठं करायचं, याहून चांगली परतफेड कोणती?

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२६ मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या ताड-माडांवर ग्रंथ आला. त्यानंतर काश्मीरच्या फुलांवर दोन भाग. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा औषधी वनस्पतींवरचा जो प्रसिद्ध ग्रंथ, त्याची दुसरी आवृत्ती १९३३ पासून निघू लागली. ती तपासणाऱ्यांत फादर ब्लॅटर, फादर कायस आणि आपले डॉ. म्हसकर होते. आपल्या आजीच्या बटव्यातल्या काढ्यांची झाडं शास्त्राच्या भाषेत कोणती, हे शोधायला आजही लोक तो ग्रंथ उघडतात. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीचं ब्रूल स्मृतिपदक सुरू झालं, त्याचे पहिले मानकरी ब्लॅटर. इकडे बहारीनच्या जबल दुखानजवळ त्याच वर्षी तेल लागलं. त्या तेलानेच पुढे आपल्या सगळ्यांना इथे आणलं.

२६ मे १९३४ रोजी पुण्यात फादर ब्लॅटर गेले. वय छप्पन्न. तारीख बघा. मे अखेर, म्हणजे टेबललँडवर फुलं यायला जेमतेम काही आठवडे उरलेले. आणि टेबलावर तर किती काम अपुरं! गवतांवरचं पुस्तक १९३५ साली मॅकॅनच्या नावासह बाहेर आलं. ‘फ्लोरा अरेबिका’चा शेवटचा भाग १९३६ मध्ये. मिलार्ड यांच्याबरोबर लिहिलेलं हिंदुस्थानातल्या सुंदर झाडांवरचं पुस्तक १९३७ मध्ये. फोर्स्कोलचं पुस्तक जसं मित्राने छापलं, तसंच यांचंही काम मागे राहिलेल्यांनी पुढे नेलं.

आता ती उणीव. ब्लॅटरांच्या सगळ्याच नावांना काळाने मान्यता दिली असं नाही. त्यांनी नवी म्हणून जाहीर केलेली काही झाडं नंतरच्या लोकांनी तपासली तेव्हा ती आधीच नाव मिळालेल्या जातींचीच निघाली. कागदावरच्या एका फांदीवरून सबंध झाडाचा अंदाज बांधताना असं होतं. कोरड्यात वाढलेलं आणि पाण्याजवळ वाढलेलं एकच झाड दोन वाटतं. अरबस्तानच्या यादीतही पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. जे प्रत्यक्ष इथे येऊन राहिले, वाळूत चालले, त्यांनी त्या केल्या. व्हायोलेट डिक्सन या बाईंचं कुवेत आणि बहारीनच्या रानफुलांवरचं पुस्तक १९५५ चं. डायना चार्ल्स फिलिप्स यांचं खास बहारीनच्या रानफुलांवरचं १९८८ चं. दोघीही बाहेरून इथे येऊन राहिलेल्या, आपल्यासारख्याच.

पण ब्लॅटरांच्या चुका सापडल्या कशा? तर त्यांनी आपले कागद जपून ठेवले म्हणून. चिठ्ठीवर गाव, तारीख, नाव सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, म्हणून दुसऱ्याला ते पुन्हा उघडून बघता आलं. हर्बेरियममध्ये एक चांगली पद्धत आहे. जुन्या नावावर खाडाखोड करत नाहीत. नव्या अभ्यासकाने आपली चिठ्ठी, आपलं नाव आणि तारीख घालून शेजारी चिकटवायची. एकेका कागदावर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या दिसतात. कुणाचा अपमान नाही, कुणाची भीड नाही. आपल्याकडे घरात, संस्थेत, मंडळात एवढ्या सभ्यपणे चूक दाखवता आली तर काय हवं!

ही तपासणी करणाऱ्यांत पहिलं नाव फादर सांतापाऊ यांचं. तेही परकेच, स्पेनचे. ब्लॅटरांचा संग्रह त्यांच्या हाती आला आणि १९४१ साली त्याला त्यांनी ब्लॅटर हर्बेरियम हे नाव दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची बारशी केलेल्या माणसाचं हे एक बारसं. सांतापाऊंनी खंडाळा, पुरंदर अशी एकेक जागा वर्षानुवर्षं पायी पालथी घातली, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाराष्ट्राच्या वनस्पती नोंदवल्या. आज त्या संग्रहात सुमारे दोन लाख नमुने आहेत. ब्लॅटर बरोबर होते की चूक, हा प्रश्नच तिथे लहान होऊन जातो. त्यांनी पुढच्याला तपासायची सोय ठेवली, हे महत्त्वाचं.

माझ्या फांदीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मुंबईहून परत आल्यावर पुढच्या हिवाळ्यात मी एकटीच साखीरला गेले. या वेळी वही घेऊन. तसलंच झुडूप शोधलं, ते तर सगळीकडे होतं! दर महिन्याला जाऊन बघितलं. फूल, मग फळ. पुस्तकाशी ताडून पाहिलं. झायगोफायलम कतारेन्स, अरबीत त्याला हर्म म्हणतात. हे नाव ब्लॅटरांच्या यादीत नाही, कारण ते हदीदी नावाच्या अभ्यासकाने १९७८ साली दिलं. अलीकडे तर त्याची प्रजातीही बदलून टेट्राएना केली आहे. पायाखाली चोहीकडे पसरलेलं झुडूप, आणि त्याला स्वतःचं नाव मिळायला १९७८ उजाडावं लागलं.

मुलगी आता नोकरीसाठी तिसऱ्याच देशात आहे. मी तिला फोन करून नाव सांगितलं. दुसरीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर! तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. पण थोड्या वेळाने तिनेच मला तिच्या घराजवळच्या एका झाडाचा फोटो पाठवला आणि हे कोणतं म्हणून विचारलं. मला ते ओळखता आलं नाही. मी तिला कळवलं, की नुसत्या फोटोने भागणार नाही. गाव लिही, तारीख लिही, फुलाचा रंग लिही, आणि फुलं येतील तेव्हा पुन्हा जाऊन बघ.

या हिवाळ्यात साखीरला तंबू लागतील तेव्हा मुलांना घेऊन जाल, तर सोबत एक जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल ठेवा. मुलांनी काही विचारलं आणि नाव येत नसेल, तर येत नाही म्हणून सांगा, पण टाकून दे म्हणू नका. ती माझी चूक झाली. तिच्यावर मी आता स्थळ, तारीख घालून चिठ्ठी लावली आहे.